धनगोपाळ मुखर्जी मुलांसमोर कसे आणायचे? सांगली-मिरजेकडच्या नव्या वाचनगटांसाठी

लेखक-परिचय म्हटला की आपल्याकडे ठरलेला मामला असतो. फळ्यावर जन्मतारीख, जन्मगाव, ग्रंथसंपदा, पुरस्कार, मृत्यू. मुलं वहीत उतरवून घेतात, पाहुणे दोन शब्द बोलतात, शाल-नारळ होतो आणि त्या लेखकाचं पुस्तक काही कोणी घरी नेत नाही. सांगली, मिरज, तासगाव, विटा, तिकडे कराडपर्यंत मुलांचे छोटे वाचनगट चालवणारी हौशी मंडळी आहेत. कुणी निवृत्त बाई, कुणी गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल, कुणी सोसायटीतली एखादी आई. त्यांच्यापैकी ज्यांना एकाच लेखकावर पहिल्यांदा सत्र घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी हे टिपण. माझं म्हणणं एवढंच की आधी पुस्तकातला प्राणी आणावा, लेखक मागून येऊ द्यावा. मुलांनीच त्याची चौकशी केली पाहिजे.

त्यासाठी धनगोपाळ मुखर्जी मुद्दाम निवडले आहेत. १८९० मध्ये कलकत्त्याजवळच्या एका खेड्यात जन्म, विशीत अमेरिकेत, तिथेच इंग्रजीतून लेखन. कलकत्त्याच्या एका कबुतराची गोष्ट सांगणाऱ्या ‘गे-नेक’ या पुस्तकासाठी १९२८ मध्ये त्यांना न्यूबेरी पदक मिळालं. अमेरिकेतल्या बालसाहित्याचा हा सर्वांत मानाचा पुरस्कार. तो १९२२ पासून दिला जातो आणि भारतीय वंशाच्या लेखकाच्या वाट्याला तो आला ती पहिलीच वेळ. एवढं असून आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांनासुद्धा हे नाव माहीत नसतं. ते असो. खरं कारण असं की गोष्टीचा नायक कबुतर आहे, आणि मिरज-सांगलीत कबुतरांचे शौकीन शोधायला दोन गल्ल्यांपलीकडे जावं लागत नाही.

पुस्तक कोणतं घ्यायचं

मुखर्जींची पुस्तकं बरीच आहेत, सगळ्यांच्या मागे लागू नका. वयावरून ठरवा.

पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी १९२२ चं ‘कारी द एलिफंट’ घ्या. कारी नावाचं पाच महिन्यांचं हत्तीचं पिल्लू आणि त्याला सांभाळायला दिलेला नऊ वर्षांचा मुलगा. कारी फार खात नाही असं लेखक आधी सांगतो आणि लगेच म्हणतो की तरी रोज चाळीस पौंड डहाळ्या लागायच्या, चघळायला आणि खेळायला. चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो. हा आकडा सांगून थांबा आणि मुलांना आपापल्या दप्तराशी हिशेब करू द्या. नदीवर हत्तीला अंघोळ घालण्याचा भाग कृष्णेकाठच्या मुलांना वेगळा समजावून द्यावा लागत नाही. एक मात्र गृहीत धरा: २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण गुजरातेतल्या ‘वनतारा’ या प्राणी-केंद्रात नेली, तो विषय कोणी ना कोणी काढणारच. काढू द्या. हत्ती माणसांत राहावा की राहू नये यावर दुसरीतली पोरंही हिरिरीने बोलतात, आणि पुस्तक शंभर वर्षांपूर्वीचं असल्याने त्यातल्या कुणालाच हत्ती पाळणं खटकत नाही, हेही त्यांच्याच तोंडून येतं.

चौथी ते सातवीसाठी ‘गे-नेक’. पुढचं सगळं टिपण याच पुस्तकाबद्दल आहे. आठवी-नववीची मुलं असतील तर १९२३ चं आत्मचरित्र ‘कास्ट अँड आउटकास्ट’ यातली काही पानं जोडीला ठेवता येतील. रामायणावरची, हनुमानावरची त्यांची पुस्तकंही आहेत, पण ती अमेरिकन मुलांना रामकथा पहिल्यांदा सांगणारी. आपल्या मुलांनी ती आजीकडून ऐकलेली असते, त्यामुळे तिथे रंगत कमी येते.

प्रत आणि हक्क

नवे लोक इथे उगाच घाबरतात, किंवा अजिबात विचार करत नाहीत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात. मुखर्जी १९३६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या मूळ इंग्रजी मजकुरावरचा हक्क केव्हाच संपला. तुम्ही तो छापून वाटू शकता, मोठ्याने वाचू शकता, मराठीत आणू शकता. जुन्या आवृत्त्यांच्या स्कॅन प्रती इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात.

चित्रांचं गणित वेगळं. ‘गे-नेक’ची सुंदर चित्रं बोरिस आर्त्सिबाशेफ या चित्रकाराची आहेत आणि तो १९६५ मध्ये वारला. त्याच हिशेबाने ती आपल्याकडे २०२५ अखेरपर्यंत हक्कात होती. तसंच कुणी केलेलं मराठी भाषांतर हाती आलं तर त्यावर भाषांतरकाराचा स्वतंत्र हक्क असतो. त्याची झेरॉक्स काढून पंचवीस पोरांना वाटणं बरोबर नाही. एक प्रत विकत घ्या आणि ती वाचून दाखवा.

माझी पसंती विचाराल तर तोंडी भाषांतर. आदल्या रात्री दोन प्रकरणं वाचून ठेवायची, पेन्सिलने अडणारे शब्द खुणवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक हातात धरून सरळ आपल्या बोलीत सांगायचं. कबुतराचं मूळ नाव चित्रग्रीव असं पुस्तकातच आहे, तेच वापरा.

आधी ढाबळ

हे सत्राच्या आधीच्या रविवारी करा. ओळखीतून एखादी ढाबळ, म्हणजे पाळीव कबुतरांचं खुराडं, गाठा. घराच्या गच्चीवर फळ्यांचे खण, पुढे जाळीचं दार, वर पाण्याची टाकी असा थाट बहुतेक ठिकाणी दिसेल. ढाबळवाल्या चाचांना किंवा मामांना आधी भेटून वेळ ठरवा. पोरांची झुंड अचानक आली तर पाखरं बुजतात आणि माणूसही वैतागतो. दहा-बारा मुलांपेक्षा जास्त नेऊ नका. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना खालीच अंगणात थांबवा. वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला वाईट, हे गुळमुळीतपणे नाही तर पालकांना स्पष्ट सांगा. बाकीच्यांना मास्क द्या, आणि परत आल्यावर सगळ्यांचे हात साबणाने.

वेळ दुपारची निवडा, बारा-एकची. कारण सांगते. कबुतराची मादी बहुधा दोन अंडी घालते आणि ती उबवायला नर-मादी पाळीपाळीने बसतात. नर साधारण सकाळी नऊ-दहाला बसतो तो दुपार कलेपर्यंत. संध्याकाळपासून रात्रभर मादी. मुलांना घरट्यावर बसलेलं पाखरू दाखवून विचारा, ‘ही आई की बाबा?’ सगळे एकसुरात आई म्हणतात. मग चाचांना उत्तर देऊ द्या. त्या गलक्यात जे शिकणं होतं ते फळ्यावर कधी होत नाही.

आणखी दोन गोष्टी चाचांकडून वदवून घ्या. अंड्यातून पिल्लू साधारण अठरा दिवसांनी बाहेर येतं, डोळे मिटलेले, अंगावर विरळ पिवळी लव. त्याला पहिले काही दिवस दाणा चालत नाही. आई-बाप दोघंही आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार झालेला दह्यासारखा घट्ट पदार्थ चोचीत चोच घालून भरवतात. बापही ‘दूध’ पाजतो, हे ऐकून मागच्या रांगेतली पोरंसुद्धा पुढे सरकतात. दुसरी गोष्ट, होमर जातीचं पाखरू परत येतं कसं. शौकीन लोक आधी जवळून सोडतात, मग जयसिंगपूरहून, मग कोल्हापुरातून, असं अंतर वाढवत नेतात. पुस्तकातला मुलगाही चित्रग्रीवाला तसंच शिकवतो. लक्का, गिरेबाज, होमर ही कबुतरांच्या जातींची नावं मुलांना वहीत लिहू द्या. त्या दिवशी लिहून घेण्यासारखं एवढंच.

सत्र

सव्वा तास पुरतो. सुरुवातीला लेखकाचं नावही घेऊ नका. पुस्तक उघडा आणि अंड्याचा प्रसंग सांगा. घरट्यात दोन अंडी आहेत. गोष्ट सांगणारा मुलगा घरटं साफ करायला ती उचलतो. एक परत ठेवतो, दुसरं हातात असताना बापकबुतर त्याच्या तोंडावर झेप घेतं आणि अंडं हातातून निसटतं. उरलेल्या अंड्यातून चित्रग्रीव जन्मतो.

इथे थांबा. ढाबळ पाहून आलेली मुलं ‘तो बापच असणार, दुपार असेल’ असं म्हणू लागतात. गोष्ट त्यांच्या हातात आली. आता पुढचं थोडक्यात सांगत दोन-तीन जागा सावकाश वाचा: उडायला शिकणं, वादळ, ससाण्याचा पाठलाग. चित्रग्रीव आई-बापांना मुकतो तो भाग टाळू नका आणि गहिवरही आणू नका. मुखर्जी तिथे रेंगाळत नाहीत, आपणही रेंगाळू नये.

काही प्रकरणं कबुतर स्वतःच्या तोंडाने सांगतं. ती एखाद्या मुलीला किंवा मुलाला वाचायला द्या आणि बाकीची आपण वाचा. आवाज बदलला की मुलांना निवेदक बदलल्याचं आपोआप कळतं. त्यावर व्याख्यान द्यायची गरज नाही.

शेवटची वीस मिनिटं प्रश्नांची. ‘हे खरं घडलं का?’ हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर म्हणजेच लेखकाचा प्रवेश.

आयुष्य सांगताना

भिंतीवर जगाचा नकाशा लावा आणि दोऱ्याने वाट दाखवा. कलकत्ता, जपान, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क. चार टाचण्या, बस.

घर ब्राह्मणाचं, गावच्या देवळाची पूजा घराण्याकडे, घराजवळ जंगल. प्राणी तिथूनच आले. कुमारवयात परंपरेप्रमाणे भिक्षा मागत फिरणं झालं. मग यंत्रविद्या शिकायला जपान. तिथल्या कारखान्यात माणसाला यंत्राच्या दातासारखं वागवताना पाहून ते उबगले आणि १९१० मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर चढले. खिसा रिकामा. भांडी घासली, घरगडी म्हणून राहिले, शेतात मजुरी केली आणि त्यातून बर्कलीला व पुढे स्टॅनफर्डला शिकले. १९१४ मध्ये पदवी. लग्न एथेल रे ड्यूगन या अमेरिकन शिक्षिकेशी. मग न्यूयॉर्क आणि लेखन.

मोठे भाऊ जदुगोपाळ इकडे ‘युगांतर’ या क्रांतिकारक संघटनेचे पुढारी होते आणि १९२३ ते १९२७ खटल्याविना तुरुंगात होते. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना हे पटकन भिडतं. एक भाऊ तुरुंगात आणि एक भाऊ परदेशात कबुतराची गोष्ट लिहितोय. त्याने परत यायला हवं होतं का? या प्रश्नावर सातवीच्या मुलांचे दोन तट पडतात आणि ते पडलेलेच बरे. आपण निकाल देऊ नये.

आता जी गोष्ट परिचयपर लेखांत सहसा एका ओळीत उरकतात किंवा गाळतात, तिच्यावर थोडं थांबा. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. (हे भगतसिंग वेगळे, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेले. मुलं गल्लत करतातच, आधीच सांगून टाका.) म्हणजे १९२८ मध्ये अमेरिकन मुलांसाठीचं त्या वर्षीचं सर्वोत्तम पुस्तक ज्याने लिहिलं, त्याला त्या देशाचा नागरिक व्हायची मुभा नव्हती. कायदा बदलला १९४६ मध्ये. मुखर्जी जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

पुरस्काराची बातमी या माहितीसकट सांगितली की मुलं गप्प होतात. नुसतं पदक सांगितलं तर टाळ्या वाजवतात. दोन्हींत फार फरक आहे.

‘खरं घडलं का’ याचं उत्तर देताना घाई नको. लेखकाने लहानपणी कबुतरं पाळली होती, कलकत्त्याच्या गच्च्या पाहिल्या होत्या. पण पुस्तकातला ‘मी’ म्हणजे हुबेहूब लेखक नव्हे, आणि कबुतर काही बोलत नाही. आमच्याकडची एक मुलगी म्हणाली, ‘मग पाहिलेलं आणि रचलेलं असं मिसळून आहे.’ याहून नेमकं मला तरी सांगता आलं नसतं.

युद्धाचा भाग

पुस्तकाच्या उत्तरार्धात चित्रग्रीवाला शिकारी घोंड याच्याबरोबर फ्रान्सच्या आघाडीवर निरोप्या म्हणून पाठवतात. तो जखमी होऊन परततो आणि त्याच्या मनात भीती ठाण मांडून बसते. पंख बरे होतात तरी उडेना. मग हिमालयातल्या मठात, लामांच्या सहवासात तो सावरतो. एवढं धीराने लिहिलेलं बालसाहित्य मी फार पाहिलेलं नाही. जखम बरी झाली म्हणजे माणूस बरा झाला असं नसतं, हे लेखक एकदाही तसं न म्हणता सांगतो.

साताऱ्याकडचे गट असतील तर इथे अपशिंगे मिलिटरी आणा. या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. कित्येक मुलांच्या घरात कुणी ना कुणी फौजेत असतं, त्यामुळे बोलकी होतात. एक काळजी घ्या. आपल्याकडच्या मराठा पलटणी त्या युद्धात मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. फ्रान्सला गेलेल्या भारतीय तुकड्या प्रामुख्याने इतर होत्या. सगळं एकत्र कालवून ‘आपले जवान कबुतरं घेऊन फ्रान्सला गेले’ असं ठोकून देऊ नका.

कबुतर खरंच निरोप नेतं का, असं विचारतील. शेर आमी नावाचं अमेरिकन सैन्याचं कबुतर ऑक्टोबर १९१८ मध्ये जखमी अवस्थेत निरोप घेऊन पोचलं होतं. त्याला फ्रान्सने युद्धपदक दिलं आणि ते पेंढा भरून वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवलंय. आपल्याकडे ओडिशा पोलिसांची कबुतरसेवा १९४६ पासूनची. एवढी दोन उदाहरणं पुरेत.

अडचणीच्या जागा

एक, मुखर्जी परक्या वाचकाला भारत समजावून सांगताहेत, त्यामुळे मधूनमधून ध्यान, मंत्र, साधू यांचा भर जास्त होतो. वाचताना तो भाग आखडता घेतला तरी चालेल. मोठ्या मुलांना मात्र विचारा, ‘हे आपल्याला सांगताना असं लिहिलं असतं का?’

दोन, मृत्यू. १४ जुलै १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ४६. लहान मुलांना ‘ते मनाने फार आजारी होते आणि त्यातच गेले’ एवढंच सांगा. ते खरंही आहे आणि पुरेसंही. सातवी-आठवीतली मुलं मोबाईलवर शोधून येतातच. त्यांनी विचारलं तर टोलवू नका, तपशिलात शिरू नका, ‘अशा वेळी कुणाशी तरी बोलायचं असतं’ हे साध्या आवाजात सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. एखादं मूल त्यानंतर फारच गप्प झालं तर त्याच दिवशी पालकांच्या कानावर घाला.

त्यानंतर

निबंध नको, स्पर्धा नको, प्रमाणपत्र तर नकोच. प्रत्येकाने घराजवळच्या एका प्राण्याकडे आठवडाभर रोज एकाच वेळी पाहायचं आणि त्याच्या तोंडून अर्धं पान लिहायचं. हळदीच्या गोदामातली मांजर, बाजार समितीतला बैल, छतावरची पाल, काहीही. ‘पाहिलेलं’ निळ्या पेनाने आणि ‘रचलेलं’ काळ्याने. शुद्धलेखन तपासायचा मोह आवरा.

सुट्टीत भिलारची सहल जमली तर उत्तम. पाचगणीजवळचं हे गाव मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत आणि बालसाहित्याचीही सोय आहे. घरं लोकांची राहती आहेत, तेव्हा चपला बाहेर, आवाज खाली, आणि गट मोठा असेल तर आधी कळवून जा.

पुढचा लेखक जवळचा घ्या: माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर. माणदेश आपल्याच भागात आणि प्राण्यांकडे पाहणारी नजर तशीच तीक्ष्ण. मुलं दोघांची तुलना आपणहून करतात. फक्त माडगूळकरांचे हक्क अजून चालू आहेत, झेरॉक्सचं मशीन बंद ठेवा आणि प्रती वाचनालयातून आणा. नाव नोंदवून, आणि परतीची तारीख पालकांच्या ग्रुपवर टाकून.